गिटारवाल्या बुवांना वन्स मोर

वेल्समधल्या एका ब्लूज-रॉक बँडपायी मी आयुष्यात बऱ्याच जणांशी भांडलो आहे. आधी कॉलेजात, मग नोकरीत आणि लग्नानंतर घरी. बायकोचं म्हणणं असं की एका गाण्यात इतका वेळ गिटारच वाजवायची असेल तर मध्ये लोकांना चहाला तरी सोडावं. मी तिच्याशी वाद घालत नाही. तिला गाण्यातलं कळतं, फक्त एवढंच कळत नाही.

बँड कोळशाच्या खाणींच्या गावातला. कुणीतरी कॉपी केलेली त्यांची एक कॅसेट पुण्यात माझ्या हाती लागली आणि मी बिघडलो तो बिघडलोच. त्यांच्या एका लांबलचक गाण्यात गिटारवाला जे करायचा ते मला आजही तोंडपाठ आहे. मी त्यांना प्रत्यक्ष पाहायच्या आतच बँड फुटला. भांडणं झाली, चौघं चार दिशांना गेले. स्टेजवर ते चौघं एकत्र वाजवताना बघायचं ही माझी एकच इच्छा उरली होती. लोक चारधाम वगैरे करतात, माझं हे.

गिटारवाला पुढे एकटाच वाजवायला लागला. साधी लाकडी गिटार, करंगळीत घातलेली एक लोखंडी नळी, आणि गायचंही स्वतःच. बँडमध्ये तो कधी गायला नव्हता. त्याच्या सोलो रेकॉर्ड मी इमानेइतबारे विकत घेतल्या, एकेकदा ऐकल्या आणि ठेवून दिल्या. मला त्या पचल्या नाहीत. आवाज खरखरीत, गाणी घरगुती, सगळं हळू. वाघाला दूधभात खाताना बघतोय असं वाटायचं.

आता आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला असतो. मी सोन्याच्या खाणीत व्हेंटिलेशन इंजिनियर आहे, म्हणजे जमिनीखाली काम करणाऱ्यांना हवा पोचते की नाही हे बघायचं. बायको इथल्या हॉस्पिटलात भूल देते. गाव छोटं, धूळ लाल, आणि चांगला कढीपत्ता हवा असेल तर पर्थहून येणाऱ्या कुणालातरी गाठावं लागतं. अशा गावात एका पबबाहेर माझ्या गिटारवाल्याचं पोस्टर बघितलं तेव्हा मी सामानाची ट्रॉली तिथेच सोडून रस्ता ओलांडला. रविवारी दुपारी, एकटा, बिअर गार्डनमध्ये. मी लगेच तिकिटं काढली.

शुक्रवारी पबवाल्याचा मेसेज आला, शो रद्द. रविवारी मोठ्या स्क्रीनवर फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅच दाखवायची होती आणि म्हाताऱ्यासाठी कोण येणार, असा हिशोब. 'सॉरी मेट, नो वरीज, पैसे परत मिळतील.' माझं डोकंच फिरलं. मी गिटारवाल्याच्या पेजवर तावातावाने मेसेज लिहिला की या गावातर्फे मी तुमची माफी मागतो. उत्तर त्याचं स्वतःचंच आलं. एकट्याने फिरणारा माणूस, मेसेज बघायला वेगळा माणूस कुठून आणणार. म्हणाला, मी पर्थहून निघालोय, अर्ध्या वाटेत आहे, मोटेलचं बुकिंग आहे, येतो तर खरा.

मी लिहिलं, आमच्या घरी वाजवाल का?

हे मी का लिहिलं मला माहीत नाही. बोटांनी लिहिलं. तो लगेच हो म्हणाला.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू विचारलंस? आणि तो हो म्हणाला? आपल्याकडे?"

"हो."

"ऐकायला कोण येणार आहे, तू आणि मी? म्हणजे तूच."

मुद्दा बरोबर होता. मग आम्ही गावातल्या मराठी कुटुंबांना फोन केले. इथे मराठी माणसं मोजकीच, पण बोलावलं की येतात, कारण रविवारी दुपारी दुसरं करणार काय. कुणीही त्या बँडचं नाव ऐकलेलं नव्हतं. एकाने विचारलं, "काका, जुनी हिंदी गाणी पण वाजवतात का ते?" मी म्हटलं, तू ये रे, मुकाट्याने बस आणि वडे खा.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या कामाला लागल्या. घरी गाण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर त्यांना एकच पद्धत माहीत, बैठक. सोफे पॅटिओत गेले, गाद्या खाली आल्या, धुतलेल्या चादरी अंथरल्या गेल्या, लोड नव्हते म्हणून उशांच्या वळकट्या झाल्या. कोपऱ्यात समई. सुपरमार्केटमधून नारळ आला. "बुवा काय घेतात, चहा की कॉफी?" त्यांनी विचारलं. बायको हसत सुटली, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या माणसाला बुवाच म्हणतात.

बुवा शनिवारी दुपारी घरी आले, जागा बघायला म्हणून. उंच, वाकलेले, मागे बांधलेले पांढरे केस, धुळीने लाल झालेली भाड्याची गाडी. बोलणं अर्थात इंग्रजीतच झालं, पण मला ते मराठीतच आठवतं, त्याला इलाज नाही. मी त्यांना अहो-जाहो करत होतो मनातल्या मनात. गाद्या बघून ते म्हणाले, गुडघे गेलेत, खुर्ची लागेल. आमच्या मुलीची अभ्यासाची खुर्ची आणून ठेवली. मग आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो आणि त्यांनी मला खाणीत हवा कशी खाली नेतात हे विचारलं, अगदी बारकाईने, पंखे कुठे बसवता, वळणावर काय करता. मी सांगत बसलो. ज्याला मला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या त्याला मी पंख्यांची माहिती देत होतो. बायको मागून मला खुणा करत होती, की अरे आता तू विचार.

शेवटी मी बँडचा विषय काढला. त्यांनी कप खाली ठेवला.

"तू जुना ऐकणारा आहेस ना? दारात तुझा चेहरा बघितला तेव्हाच समजलं," ते म्हणाले. "मग तुला सांगतो. बाहेर बोलू नकोस. बाकीचे तिघं परत एकत्र यायचं म्हणतायत. टूर ठरलीये. इथेही येणार, पर्थला मोठा हॉल आहे. फक्त माझा होकार राहिलाय. सोमवारी पर्थला पोचलो की कळवायचंय."

मी फक्त "वा," म्हणालो.

"मला जायचं नाहीये," ते म्हणाले. "पण मला हेही माहीत नाही की न जाण्याइतकं माझ्याकडे काही आहे का. इतकी वर्षं एकटा वाजवतोय. जिथे जातो तिथे दोन-चार गाणी झाली की मागून कुणीतरी त्या एका गाण्यासाठी ओरडतं. आणि मग मी ते वाजवतो, आणि लोक जे काही टाळ्या वाजवतात ते तेव्हाच. माझी गाणी म्हणजे त्या गाण्याची वाट बघण्याची जागा झालीयेत. म्हणून माझ्या या एकट्याच्या टूरला मी स्वतःशी ठरवलं. एक संध्याकाळ, एकच, लोकांनी माझी गाणी गाणी म्हणून ऐकली, तर तिघांना नाही म्हणायचं. नाहीतर जायचं, आणि उरलेलं आयुष्य ते एक गाणं वाजवायचं."

"मग? झाली का तशी संध्याकाळ?"

"नाही. पब शेवटचा होता. आता तुझं घर शेवटचं."

ते मोटेलवर गेले. मी ओट्याशी उभा राहिलो. मला काय वाटत होतं ते मी लपवणार नाही. मला वाटत होतं, उद्या फसू दे. आमच्या गाद्यांवर बसणाऱ्या मंडळींना इंग्रजी ब्लूज कळायचं कारण नाही. ते सभ्यपणे बसतील, फोन बघतील, वडे खातील. शेवटी मी माझं ते गाणं मागेन, बुवा ते वाजवतील, आणि सोमवारी होकार देऊन टाकतील. मग पर्थच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत मी. कुणावरही अन्याय नाही. उलट म्हाताऱ्याचं भलंच.

बायकोला हे सगळं सांगितलं. तिने भांडी लावता लावता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तू त्यांना घरी बोलावलंस ते त्यांनी हरावं म्हणून?"

"तेव्हा मला माहीत होतं का?"

"आता माहीत आहे ना."

मी उरलेली भांडी पुसायला घेतली.

रविवारी जेवणं उरकून मंडळी आली. चपलांचा ढीग दारात. बुवांनी तो बघून स्वतःचे बूट काढले आणि मोज्यांवर आत आले, तेव्हाच सासूबाईंच्या मनात त्यांना जागा झाली. सासूबाईंनी समई लावली, नारळ त्यांच्या हातात दिला, खांद्यावर शाल घातली. बुवांना वाटलं थंडी वाजतेय का असं विचारतायत. मग सरळ बसून त्यांनी शाल मांडीवर घेतली, त्यावर गिटार ठेवली आणि सुरू केलं.

पहिलं गाणं चाललं होतं. लोखंडी नळी तारेवरून अशी सरकली की एक सूर दुसऱ्यात जाऊन बसला, मध्ये फट म्हणून नाही. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "वा! काय मींड घेतली."

बुवा थांबले. हात तारांवर ठेवून त्यांनी विचारलं, "काही चुकलं का?"

बायकोने त्यांना समजावलं की आमच्याकडे आवडलं तर शेवटपर्यंत साठवून ठेवत नाहीत, ज्या जागेला आवडलं त्या जागेलाच सांगून टाकतात. आईला ती जागा आवडली.

"ही?" बुवांनी तीच जागा पुन्हा वाजवली.

"हां, हीच," सासूबाई मराठीत म्हणाल्या. त्यांनी हाताने तो सूर हवेत काढून दाखवला.

बुवा खोकल्यासारखं हसले आणि पुढे गेले. मग मी बघत होतो तर काय, तो माणूस दर गाण्यात सासूबाईंकडे बघायला लागला. अवघड जागा आली की नजर तिकडे. त्या कधी "क्या बात है" म्हणत, कधी नुसती मान. एका ठिकाणी त्यांनी नाराजीने च्च केलं, तर बुवांनी ती ओळ परत घेतली आणि सुधारली. हळूहळू बाकीच्यांनाही धीर आला. जुन्या हिंदी गाण्यांची चौकशी करणारा पोरगा मांडीवर ठेका धरून बसला होता. एकानेही फोन काढला नव्हता. आणि माझा प्लॅन माझ्या डोळ्यांसमोर कोसळत होता.

पण मला अजून आशा होती. ऐकणं वेगळं आणि गाणं आत जाणं वेगळं. आपली माणसं सभ्य आहेत, पाहुण्याला दाद देतातच. शेवटी माझी फर्माईश बाकी होती, आणि बुवांनाही ते माहीत होतं. दर गाणं संपलं की ते एकदा माझ्याकडे बघायचे, हा आता मागणार म्हणून. मी पाण्याचा घोट घ्यायचो.

मग त्यांनी एक गाणं सुरू केलं जे माझ्याकडे रेकॉर्डवर होतं आणि मी अर्ध्यात बंद केलं होतं. एका माणसाने घर विकायला काढलंय. बघायला लोक येतात. स्वयंपाकघरातली कपाटं उघडतात, नळ सोडून बघतात, बाथरूममध्ये किती ऊन येतं विचारतात. तो माणूस मागे मागे फिरतो आणि प्रत्येक दार नीट लावत जातो. बस, एवढंच गाणं. बायको गेलेली असावी, पण तसं कुठे म्हटलेलं नाही.

आई गेल्यावर आमचा कोथरूडचा फ्लॅट विकला. मला जाता आलं नाही, दुरुस्तीचा शटडाऊन होता खाणीत. भावाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, खरेदीदार आले होते. त्यातल्या एक बाई आईच्या ओट्याखालचं कपाट उघडून आत डोकावल्या. आत अजून आईचे डबे होते. त्यांनी भावाला विचारलं, हे कपाट नंतर बसवलंय का? मी इथून, हेल्मेट डोक्यावर, धुळीत उभा राहून ते बघत होतो, आणि मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की बाई, ते दार जोरात लावू नका, ते खाली घासतं, थोडं उचलून लावावं लागतं. फोन ठेवला आणि शिफ्टला गेलो. नंतरही कुणाला सांगितलं नाही. रडलोही नव्हतो, वेळच झाला नव्हता.

आता मी माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये, गादीवर, लोकांसमोर रडत होतो. तो खरखरीत आवाज दारं लावत चालला होता, एकेक, न आपटता. शेवटच्या ओळीनंतर नळी तारेवर वर गेली आणि तिथेच राहिली.

कुणी वा म्हटलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही. बुवांनी खाली बघितलं. मला वाटतं त्यांना वाटलं, हेही फुकट गेलं. ते गिटारीच्या खुंट्या पिळायला लागले, आणि मग डोकं वर करून त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. ती वेळ माझी होती. फर्माईश करायची वेळ. मी तोंड उघडलं.

"वन्स मोर," मी म्हणालो.

बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कुठलं?" बुवा म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "ते जुनं ना?"

"नाही. हेच. आत्ता गायलात ते. पहिल्यापासून."

"हेच?"

"हेच परत."

त्यांना खरं वाटेना. बायकोने त्यांना सांगितलं की आमच्याकडे नाटकात पदं असायची, आणि एखादं पद मनात शिरलं की लोक गायकाला पुढे जाऊ द्यायचे नाहीत, तेच पद पुन्हा म्हणायला लावायचे, नाटकातलं भांडण असो की लग्न, सगळं थांबायचं. "त्याने तुमचं तेच गाणं परत मागितलंय. यापेक्षा मोठी दाद आमच्याकडे नाही."

आणि मग गाद्यांवरून सगळेच म्हणायला लागले, वन्स मोर, वन्स मोर, तो ठेका धरणारा पोरगासुद्धा. बुवांनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला. मग त्यांनी ते गाणं परत गायलं, पण तेच नव्हे. संथ केलं, मधली एक ओळ तीनदा घेतली, दरवेळी निराळी. सासूबाई म्हणाल्या, "आता जमलं."

त्यानंतर चहा झाला, वडे झाले. बुवांनी इतके वडे खाल्ले की सासूबाई कृतकृत्य झाल्या. मी माझं गाणं मागितलं नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, बायको सोडून.

सोमवारी सकाळी शिफ्टला जाता जाता मी मोटेलवर गेलो. बुवा गाडीत सामान भरत होते. मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"त्यांना नाही म्हणणार. वाटेत कुठेतरी थांबून फोन करतो."

"चांगलं केलंत," मी म्हणालो. मला बरं वाटलं नव्हतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला ते जुनं हवं होतं," ते म्हणाले. "दोन दिवस मी वाट बघतोय तू कधी मागतोस याची. आत्ता वाजवू? इथेच. गिटार वरच आहे. तुझ्या एकट्यासाठी."

आजूबाजूला कुणी नव्हतं. मोटेलचं पार्किंग, ऊन नुकतं आलेलं, कुंपणावर एक मॅगपाय पक्षी. ज्या बोटांसाठी मी आयुष्यभर लोकांशी भांडलो ती बोटं माझ्यासमोर डिकीच्या कडेवर होती. मला हवं होतं. पण मला दिसत होतं की हा माणूस पहिल्यांदाच ते गाणं न वाजवता एखादं गाव सोडून चाललाय.

"नको," मी म्हणालो. "निघा तुम्ही. लांब जायचंय."

त्यांनी डिकी लावली, हळू, न आपटता, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि गेले.

दुपारी मी जमिनीखाली होतो, तिथे फोन लागत नाही. वर आलो तेव्हा त्यांचा एका ओळीचा मेसेज होता, की तिघांना कळवलं, ते भयंकर चिडलेत. मी लॉकर रूममध्ये बाकावर बसलो. शेजारच्याने विचारलं, "ऑल गुड, मेट?" मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही रे, एक बँड होता, मला तो बघायचा होता, आता तो परत एकत्र येणार नाही. तो म्हणाला, अरेरे, कुणी मोडला?

"मी," मी म्हणालो, आणि बूट काढायला वाकलो.